लेकीच्या घरची लाईट

आमच्या ह्यांनी विजेची गाडी आणली तेव्हा मला वाटलं, चला, लेक जवळ आली.

जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीपासून केदारखेड्यातलं तिचं घर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर असेल. तरणी पोरं एवढ्या अंतरावर नुसता चहा प्यायला जातात. पण आमची जुनी मोटारसायकल थकली होती, तिच्या पासिंगची मुदत संपली होती, आणि ह्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून ह्यांना एसटीची पायरी चढणं बिलकुल होत नव्हतं. मी एकटी गेले असते बसनं. पण ह्यांना घरी सोडून निघाले की माझं अर्धं चित्त मागंच राहतं, गॅस बंद केला असेल का न्हाई ह्याच्यात. असं करता करता वर्ष गेलं. शेत न् सासूला टाकून तिलाही माहेरी यायला जमत नव्हतं, म्हणून लेकीला बघायचं ते फोनवर. फोनमध्ये तोंड दिसतं हो, पण ती वाळली का भरली ते कळत नाही. त्याला हातानं दंड धरून बघावा लागतो.

एकच लेक आहे मला. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली. मी वाचायला शिकले तेसुद्धा तिच्या पहिलीच्या पुस्तकावरून. ती पाटीवर गिरवायची आणि मी शेजारी भाजी निवडता निवडता चोरून बघायचे.

तर गाडी. हे जन्मभर एमआयडीसीतल्या बियाण्याच्या कारखान्यात वजनकाट्यावर होते. काटा दाखवील ते खरं आणि छापून येईल ते खरं, असा त्यांचा स्वभाव. पेपरात आलं होतं की विजेच्या गाड्यांसाठी सरकारनं नवं धोरण आणलंय. गाडीवर सूट मिळणार, रोड टॅक्स लागणार नाही, आणि मोठ्या रस्त्यांवर ठरावीक अंतरावर चार्जिंगची सोय होणार. ह्यांनी ते तीनदा वाचलं, एकदा मला वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी शोरूमला जाऊन आले. स्कूटरसारखी, पाय वर न टाकता बसता येतं, गिअर नाही, किक नाही. ह्यांच्या खुब्याला तशीच गाडी पाहिजे होती. शोरूमवाला म्हणाला, एका चार्जिंगमध्ये शंभर जाते. आता ती शंभर जाते ते एकट्या हलक्या माणसाला घेऊन, सरळ रस्त्यावर. आम्ही दोघं, डिक्कीत लेकीसाठी नेलेले लाडू, आणि भोकरदन रस्त्याचे खड्डे धरले तर ती साठ-सत्तरला दम टाकते. म्हणजे केदारखेड्याला पोचायला भरपूर, पण परत यायला कमी.

"रस्त्यात चार्जिंग आहे ना," हे म्हणाले. "राजूरच्या अलीकडं पत्र्याचं शेड बांधून राह्यलेत. मी बघून आलो."

शेड होतं, खोटं कसं बोलू. वर निळा पत्रा, खाली फरशी, आणि मधोमध एक पेटी, तिच्यावर विजेच्या गाडीचं चित्र. पेटीत वीज मात्र नव्हती. शेड एका खात्यानं बांधलं, मीटर दुसऱ्यानं द्यायचं, आणि दोघं एकमेकांच्या कागदाची वाट बघत बसलेले. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या फरशीवर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. तिथं बसलेली बाई म्हणाली, सावली चांगली पडते काका, सरकारनं एक काम बराबर केलं.

एवढ्यावर काही बिघडलं नव्हतं. कुणीही म्हणेल, अहो, लेकीच्या घरी जाऊन राह्यलात ना, तिथं पिन खोचा, चार-पाच तास लेकीपाशी बसा आणि या परत. शोरूमवालाही तेच म्हणाला होता. त्याच्या पुस्तकातही तेच होतं, की गाडी घरच्या बोर्डावर चार्ज होते.

पण आमच्यात लेकीच्या घरचं घेत नसतात.

आता हे जुनं आहे, आणि सगळीकडं पाळत नाहीत हेही मला माहीत आहे. पण ह्यांच्या घरात कडक. लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. दिलेल्या घरावर आपला भार नको, म्हणून ही रीत. लेकरू झालं की आजोबा नातवाच्या घरी जेवतो, तेव्हा अट सुटते. आमच्या लेकीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. दवाखाने झाले, औषधं झाली. अजून तरी अट सुटलेली नाही. तिला कुणी काही बोलत नाही, सासरची माणसं चांगली आहेत. पण आम्ही गेलो की पिशवीतून आमची पाण्याची बाटली निघते, भाकरीचं फडकं निघतं, आणि त्या दोन वस्तू न बोलता तिला बोलतात.

मला हे दोन्ही बाजूंनी माहीत आहे. माझी आई आमच्याकडं वर्षातून एकदा यायची. उंबऱ्याच्या आत बसायची, पण पाणी प्यायचं तर उठून गल्लीतल्या नळावर जायची. ओंजळ लावून प्यायची आणि पदरानं तोंड पुसून परत आत यायची. मी खिडकीतून बघायचे. घरात घासूनपुसून चकचकीत केलेला तांब्या भरून ठेवलेला असायचा. मला लेक झाली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात आई गेली. मी केलेला एक कप चहा तिच्या पोटात कधी गेला नाही.

तर गाडीवरची आमची ती पहिली खेप. आम्ही दारात उतरलो तेव्हा गाडीच्या काचेवर तीसच्या आसपास टक्के दिसत होते. लेक धावत आली आणि तिच्या हातात काय होतं म्हणाल, तर नवंकोरं एक्स्टेन्शन बोर्ड. लांब वायरीचं. तिनं जावयाला भोकरदनहून आणायला लावलं होतं. खिडकीतून वायर काढून ओट्यापर्यंत आणून ठेवलेली, म्हणजे दादांना, बापाला ती दादा म्हणते, गाडी हलवायलासुद्धा लागू नये.

ह्यांनी बोर्डाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. म्हणाले, "गावात गिरणी आहे ना?"

लेक बोर्ड हातात धरून उभीच. म्हणाली, "दादा, लाईट काय खायची वस्तू हाय का?"

"घ्यायची तर हाय ना?" हे म्हणाले आणि गाडी वळवली.

मी मागून म्हणाले, मंग तिला खर्चा देऊ लाईटीचा, म्हणजे घेतल्यासारखं होणार नाही. तर लेकीचे डोळे भरून आले. म्हणाली, "आई, मी माझ्या बापाला लाईट विकू?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

गिरणी ग्रामपंचायतीच्या भिंतीला लागून. गिरणीवाला गप्पिष्ट माणूस. त्यानं जाड पिनेचा बोर्ड दाखवला, पैसे ठरवले आणि ह्यांना ज्वारीच्या पोत्यावर बसवलं. नवी गाडी, महागाची बॅटरी, ती उघड्यावर सोडून हे यायला तयार नाहीत. म्हणजे बघा, लेकीला भेटायला चाळीस किलोमीटर आले, तिच्यापाशी अर्धा तास बसले आणि चार तास गिरणीत. मी लेकीच्या घरी, हे गिरणीत. परत निघताना ह्यांच्या भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या. गिरणीवाला म्हणाला, "पाव्हणे, पुढच्या खेपेला दळणच घेऊन या, म्हणजे येणं फुकट जायचं न्हाई."

तर दळण घेऊन कोण आलं, लेक. पुढच्या खेपेला आम्ही पोचून तास झाला नाही तोच तिनं ज्वारीचा डबा डोक्यावर घेतला आणि गिरणीत जाऊन बापाशेजारी पोत्यावर बसली. नंबर लागेपर्यंत बसली. नंबर लागला तर दुसऱ्या बाईला म्हणाली, तू घे आधी, मला घाई न्हाई. त्याच्या पुढच्या खेपेला गहू. मग डाळ, बेसनासाठी. तिची सासू हसत मला सांगायची, विहीणबाई, तुम्ही येऊन गेल्या की आमच्या घरात महिनाभराचं पीठ होतं, आता डबे कमी पडून राह्यलेत. हे डब्याकडं नुसतं बघून सांगायचे, आठ किलो, आणि गिरणीवाल्याचा काटा आठच दाखवायचा. लेक लहान असल्यासारखी टाळी वाजवायची म्हणे. मला हे गिरणीवाल्यानं सांगितलं. मी तिथं नव्हते, आणि मला त्या दोघांचा तेव्हा थोडा हेवा वाटला.

जावयांनी आपल्या परीनं एक तोड काढली. शेतात सौर पंप बसला होता. म्हणाले, "मामा, ऊन काय तुमच्या लेकीच्या घरचं न्हाई. ऊन देवाचं. शेतातून जोडून देतो." ह्यांना ते पटलं, मी तोंडावर बघितलं. उठलेसुद्धा. पण पंपाच्या पेटीवर चिकटवलेला कागद वाचल्याशिवाय राहतील तर हे कसले. कागदावर लिहिलेलं, अनुदानाचा पंप आहे, त्यावर पाणी उपसण्याशिवाय दुसरं काही चालवायचं नाही. झालं. ह्यांनी चष्मा खिशात घातला आणि गिरणीची वाट धरली. जावई मला म्हणाले, "मामी, मामांना दोन सरकारं हाईत, एक मुंबईत न् एक डोक्यात."

अशा आमच्या खेपा दीड-दोन महिन्याला एक. प्रत्येक खेपेला मी घरून निघताना ठरवायचे की आज पोट भरून बोलायचं, आणि प्रत्येक खेपेला लेक अर्धा वेळ गिरणीत. मी म्हणायचे जा, जा बापापाशी. ती गेली की तिच्या सासूशी बोलत बसायचे आणि कान दाराकडं.

मग गेल्या वर्षीच्या ग्रामसभेची गोष्ट. आम्ही त्या दिवशी गावातच होतो. तालुक्याहून एक साहेब आले होते, तरुण, घामानं शर्ट चिकटलेला. विजेच्या गाड्यांचं चार्जिंग गावोगावी कुठं पाहिजे त्याची माहिती भरून न्यायची होती. पंचायतीपुढच्या लिंबाखाली सतरंजी टाकलेली. बाया एका अंगाला, त्यात मी आणि लेक. हे भिंतीपलीकडं गिरणीत, गाडीपाशी. पण गिरणी त्या वेळेस बंद ठेवली होती, त्यामुळं इकडचा शब्द न् शब्द तिकडं जात होता.

साहेबांनी विचारलं, गावात विजेच्या गाड्या किती. सरपंच म्हणाले, एकबी न्हाई. साहेबांनी शून्य लिहिलं आणि म्हणाले, मग सध्या तरी पॉइंट मंजूर व्हायचा नाही. एक तरणा पोरगा म्हणाला, पॉइंट न्हाई म्हणून तर गाडी घेत न्हाई कुणी. साहेब म्हणाले, तुमचं बराबर आहे, पण रकाना असाच आहे. मग समजावून सांगायला लागले की तशी काळजी नको, लोक बहुतेक घरीच चार्जिंग करतात असं धोरणात धरलेलं आहे.

लेक उठून उभी राह्यली. मी तिचा पदर ओढला, तरी राह्यली.

"कोणाच्या घरी, साहेब?"

साहेबांना कळेना. म्हणाले, आपापल्या घरी.

"माझे वडील जालन्याहून येतात विजेच्या गाडीवर. माझ्या घरची लाईट घेत न्हाईत. लेकीच्या घरची चालत न्हाई त्यांना. भेटायला येतात न् गिरणीत बसून जातात. तुमच्या कागदात त्याला रकाना हाय का?"

सतरंजीवर आधी हसू फुटलं. मग एक म्हातारी म्हणाली, माझा भाऊबी असाच, पाणी पेत न्हाई. दुसरी म्हणाली, माझी माय. हसू हळूहळू विरलं. साहेब लिहायचं थांबून त्या बायांकडं बघायला लागले. साहेबांना हे कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग पुरुषांत वाद सुरू झाला, लाईट पाण्यासारखी धरायची का हवेसारखी. एक म्हणाला, लाईट पोटात जात न्हाई, मंग दोष कसला. दुसरा म्हणाला, पेट्रोल तरी कुठं पोटात जातं, पण व्याह्याच्या गाडीतून काढून घ्याल का तुम्ही? शेवटी एका म्हाताऱ्यानं भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं विचारलं, "पाव्हणे, लेकीच्या घरी पंख्याखाली बसता का न्हाई? तो काय गोठ्यातल्या बैलांवर चालतो?"

सगळे हसले. त्याला वाटलं, त्यानं बाजी मारली. मलाही वाटलं, झालं, सुटला गुंता, आता ह्यांना बोलायला जागा राहिली नाही.

 भिंतीपलीकडून ह्यांचा आवाज आला, शांत. "चूक झाली. ध्यानात आलं न्हाई माझ्या."

आणि पुढच्या खेपेपासून ह्यांनी पंखा बंद करायला लावला.

मी ह्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. उन्हाळा होता. हे ओट्यावर बसले, आत आले नाहीत. लेक पेपरची घडी करून वारा घालायला लागली तर तिच्या हातातून पेपर घेतला आणि स्वतःच वाचत बसले. पहिले अर्धा तास तरी घरात असायचे, आता तेही गेलं. लेकीनं मला आत नेलं, म्हणाली, "आई, मी उठले नसते तर बरं झालं असतं." मी म्हणाले, न्हाई गं पोरी.  तिचा दंड धरून बघितला. वाळली होती.

ह्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. घरी परतल्यावर हे मला म्हणाले होते, ती सभेत उभी राहिली तेव्हा तिचा आवाज ह्यांच्या आईसारखा वाटला. एवढंच म्हणाले. त्या माणसाला लेकीवरची माया दाखवायची ही एकच रीत येते, की तिच्या घरावर आपला काडीचा भार टाकायचा नाही. हे मला कळतं. लेकीलाही कळतं, आणि म्हणूनच तिला जास्त लागतं.

साहेब मात्र विसरले नाहीत. शेऱ्याच्या जागेत त्यांनी काहीतरी लिहिलं असणार, कारण आठ-दहा महिन्यांनी पंचायतीच्या मागं एक पेटी येऊन बसली. राजूरच्यापेक्षा मोठी, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली. मीटर यायचं बाकी आहे. तरी ह्यांचा आनंद काय सांगू. सरकारी पेटी, ती कुणाच्या लेकीच्या घरची नाही. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा आधी पेटी बघायला गेले, चष्मा लावून कागदाच्या आतलं सगळं वाचून आले.

"जलद चार्जिंग हाय," हे म्हणाले. "नवी गाडी घेतली तर चाळीस मिनटांत भरती. आता दिवस मोडायचा न्हाई. येऊ, भेटू, जल्दी परत निघू."

मी हो म्हणाले. आणि लेकीच्या घराकडं चालता चालता मनात चाळीस मिनिटं मांडून बघितली. यायचं, बसायचं, ती पाणी पुढं करणार, आपण बाटली काढणार, जावयांची विचारपूस, सासूबाईंचे गुडघे. चाळीस मिनिटांत एवढंच होतं. लेक खरं बोलायला लागते ती तिसऱ्या तासाला. आधी ती सगळं बरं आहे म्हणते.

इतके दिवस मी त्या मीटरसाठी देवाला साकडं घालत होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, थोडं उशिरा आलं तरी चालेल.

दुपारी लाईट गेली. गावाची डीपी उडाली म्हणाले, तास-दोन तास लागतील किंवा संध्याकाळ होईल. गिरणी गप्प. जावई शेतात, सासूबाई कीर्तनाला. लेक म्हणाली, दादांना निरोप पाठवते, बसून राह्यले असतील. मी म्हणाले, बसू दे, आज दळण न्हाई नेलं तरी चालतं. ती माझ्यापुढं बसली. मी तिच्या केसाला तेल लावलं. भांगापाशी चार केस पांढरे झाले आहेत, ते मला फोनमध्ये कधी दिसले नव्हते. तेल लावता लावता ती बोलली. दवाखान्याचं बोलली, आता थांबवायचं म्हणाली, जावईही थांबवू म्हणाले म्हणाली. मी तेलाचा हात थांबवला नाही. थांबवला असता तर तीही थांबली असती.

सगळं बोलून झालं. मी तिची वेणी घातली. मग मी म्हणाले, "चहा टाक."

ती वळून माझ्याकडं बघायला लागली. "कोणाला?"

"मला."

"न् दादा?"

"दादांचं दादा बघतील."

उठली, पण चुलीपाशी जाऊन नुसती उभी राह्यली. साखरेचा डबा उघडला, बंद केला, परत उघडला. नऊ वर्षांत तिनं या घरात शेकडो माणसांना चहा दिला असेल. कप ट्रेत ठेवला, मग ट्रे बाजूला सारून कप हातात धरून आणला.

साखर अतोनात पडली होती. मला साखरेची गोळी सुरू होऊन सहा वर्षं झाली, मी बिनसाखरेचा पिते. तिला ते माहीत नाही; माहेरी आली तरी चहा मीच करते, माहीत असण्याची वेळच आली नाही. ती माहेरी असताना मला जसा गोड लागायचा, तसा तिनं केला होता.  मी फुंकर मारत पिऊन टाकला.

ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. सांगेन. भांडण होईल, तेही होऊ दे. माझ्या आईनं एकदा तरी तो नळ सोडून माझ्या तांब्याला तोंड लावलं असतं, तर मी आज वेगळी बाई असते असं मला वाटतं. पण ते आता कुणाला सांगू.

कप खाली ठेवला आणि पंखा फिरायला लागला. गावात लाईट आली. पंचायतीकडून गिरणीचा पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला, म्हणजे गाडीही भरायला लागली. अजून अडीच-तीन तास होते आमच्याकडं. लेकीनं पातेल्यात उरलेला चहा माझ्या कपात ओतला.